सर्रा, सोमल आणि पुण्याची प्रयोगशाळा

पुण्याच्या संगमाजवळचे अभियांत्रिकी महाविद्यालय कोणाला ठाऊक नाही? तिथून कोण कोण मोठे अभियंते बाहेर पडले, याच्या गोष्टी पुणेकर आवडीने सांगतात. पण जनावरांच्या रोगांचा शोध घेणारी हिंदुस्थानातली पहिली सरकारी प्रयोगशाळा याच महाविद्यालयात सुरू झाली, असे सांगितले तर बहुतेकांच्या चेहऱ्यावर नवल उमटते. तारीख होती ९ डिसेंबर १८८९. महाविद्यालयाला तेव्हा कॉलेज ऑफ सायन्स म्हणत आणि या नव्या प्रयोगशाळेचे नाव होते इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी. पुढे ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली, बरेलीजवळ इज्जतनगरला तिचा विस्तार झाला आणि आज भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणून ती ओळखली जाते. पुण्यात तिचा मुक्काम जेमतेम चार वर्षांचा. पण त्या चार वर्षांत तिथले साहेब ज्या एका रोगामागे हात धुऊन लागले होते, त्या रोगाचे नाव सर्रा. हा घोड्यांचा रोग. त्याची आणि त्याच्यावरच्या औषधांची हकीगत आज सांगायची आहे.

मी स्वतः पशुवैद्य. कात्रजला राहतो आणि उमेदीची बरीच वर्षे याच बाजूला जनावरे तपासण्यात गेली. कात्रज म्हटले की आता लोकांना उड्डाणपूल, वाहतुकीची कोंडी आणि सर्पोद्यान आठवते. जुन्या माणसांना मात्र तलाव आठवतो. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला हा तलाव बांधून घेतला आणि तिथले पाणी दगडी नळातून थेट पुण्यातल्या हौदांत खेळवले. वर घाट, खाली पाणी, भोवती गवत. म्हणजे जनावरांची वस्ती आलीच. गाईम्हशींचे गोठे होते, म्हणून जिल्हा दूध संघाची डेअरी इथे शोभली. आणि जिथे पाणी, गवत आणि गुरे, तिथे पावसाळा सरता सरता गोमाश्याही असायच्याच. या गोमाशीला आपल्या गोष्टीत फार मोठे काम आहे, म्हणून तिला लक्षात ठेवा.

सर्रा हा शब्द उत्तरेकडचा. सडलेला, झिजून गेलेला, असा त्याचा अर्थ सांगतात आणि तो अगदी चपखल आहे. घोड्याला ताप येतो, दोन-चार दिवसांनी उतरतो, मालकाला वाटते बरे झाले, आणि पुन्हा ताप चढतो. चंदी समोर ठेवली तर खातो, तरी अंग धरत नाही. डोळ्यांच्या आतली त्वचा फिकी पडते. पोटाखाली, पायांवर सूज उतरते. मग एक दिवस मोतद्दाराच्या लक्षात येते की चालताना मागचे खूर जमिनीला घासत आहेत. वळवले की पुठ्ठे एका बाजूला झोलतात. काही घोडी एकाच दिशेने गोल गोल फिरत राहतात, काहींना दिसेनासे होते. शेवटी घोडा बसतो तो उठत नाही. आपल्याकडे अशा घोड्याला बघून 'वारं गेलं' म्हणतात. माणसाच्या अंगावरून वारे जाते तसेच.

हे वारे नसून रक्तातला एक जीव आहे, हे ओळखले ग्रिफिथ इव्हान्स या वेल्श माणसाने. गृहस्थ जनावरांचा डॉक्टर होता आणि माणसांचाही. लष्करात नोकरी. १८८० मध्ये त्याला सिंधू नदीकाठच्या डेरा इस्माईल खान इथे पाठवले, कारण तिथे लष्कराचे घोडे आणि उंट मरत होते. आजारी घोड्याचे रक्त त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर तांबड्या पेशींना ढुशा देत एक लांबट जीव वळवळताना दिसला. निरोगी घोड्याला ते रक्त टोचले, तोही त्याच रोगाने आजारी पडला. आज आपल्याला वाटेल, यापेक्षा आणखी पुरावा तो काय हवा? पण तो काळ वेगळा होता. रक्तात असे जीव असू शकतात, पण त्यांच्यामुळे रोग होतो हे इव्हान्सच्या वरिष्ठांना पटेना. त्याच वर्षी अल्जीरियात लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरने मलेरियाचा जंतू पाहिला, त्यालाही लोकांनी लवकर मानले नाही. इव्हान्स मात्र नशीबवान. तो शंभर वर्षे जगला, १९३५ मध्ये वारला, आणि आपले म्हणणे जगाने मान्य केलेले त्याला पाहायला मिळाले.

इव्हान्सच्या अहवालात एक बारीकशी नोंद आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. सरहद्दीवरचे लोक सांगत, हा रोग एका मोठ्या तपकिरी माशीच्या चाव्याने होतो. उंट राखणाऱ्या अडाणी माणसांनी हे बघून ठेवले होते. शास्त्राला ते सिद्ध करायला आणखी वीस वर्षे लागली.

आता मुंबईकडे येऊ. जॉन हेन्री स्टील हे लष्करातले दुसरे पशुवैद्य. १८८५ च्या सुमारास ब्रह्मदेशात लष्कराची खेचरे एका अनोळखी रोगाने मरत होती, त्याचा तपास त्यांच्याकडे आला. त्यांनाही रक्तात तोच जीव सापडला आणि त्यांनी त्याला इव्हान्सचे नाव दिले. आजही शास्त्रात तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय म्हणूनच ओळखला जातो. जंतूचे कूळ ठरवताना स्टीलसाहेबांचा अंदाज चुकला, ते नंतर इतरांनी दुरुस्त केले. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. १८८६ मध्ये परळला, दिनशा पेटीट यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या जनावरांच्या इस्पितळाच्या आवारात मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, त्याचे पहिले प्राचार्य हेच स्टील. ते १८९१ मध्ये तरुण वयातच गेले. महाराष्ट्रातल्या पशुवैद्यांच्या कित्येक पिढ्या ज्या महाविद्यालयात शिकल्या, त्याचा पहिला प्राचार्य सर्ऱ्याचा जंतू पाहिलेला माणूस होता. विद्यार्थीदशेत हे आम्हाला कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

सरकारला घोड्यांची एवढी काळजी का, असे कोणी विचारील. भूतदया हे त्याचे कारण नव्हे. घोडा म्हणजे त्या काळचा रणगाडा, मालमोटार आणि टपालगाडी, सगळे एकात. एका पलटणीची घोडी सर्ऱ्याने बसली की पलटण बसली. पुणे हे तर लष्कराचे मोठे ठाणे. इथे १८६२ मध्येच लष्कराची पशुवैद्यक शाळा निघाली होती. आपल्याकडे घोड्याचे वैद्यक नव्हते असे नाही. शालिहोत्राची परंपरा जुनी, आणि मराठ्यांच्या पागांतून औषधी जाणणारी माणसे असत. भीमथडीचे काटक तट्टू चण्यावर आणि वाळल्या चाऱ्यावर पन्नास-पन्नास कोस चालत, ते केवळ देवाच्या भरवशावर नव्हे. पण रक्तात दडलेल्या शत्रूवर शालिहोत्राकडेही उतारा नव्हता.

अशा वेळी डॉक्टर आल्फ्रेड लिंगार्ड हे इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिस्ट म्हणून पुण्यात दाखल झाले. गुरांची बुळकांडी आणि घोड्यांचा सर्रा हे त्यांच्यापुढचे मोठे प्रश्न. घोड्यांच्या सर्ऱ्यावरचा त्यांचा अहवाल १८९३ मध्ये मुंबईत छापून निघाला. तो वाचताना एक चित्र डोळ्यांपुढे येते. रोज सकाळी घोड्याचा ताप मोजायचा, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, जंतू किती ते लिहायचे. आज दिसले, उद्या जास्त, परवा खच्चून भरलेले, आणि मग एकाएकी एकही नाही. चार दिवसांनी पुन्हा हजर. हा लपंडाव कसा होतो, हे लिंगार्डना कळणे शक्य नव्हते. आज कळले आहे ते असे. हा जंतू अंगावर प्रथिनाचा अंगरखा घालून असतो. घोड्याचे शरीर तो अंगरखा ओळखून जंतूंचा फडशा पाडते, तोवर त्यांतले थोडे अंगरखा बदलून मोकळे झालेले असतात. शरीराला पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागते. प्रत्येक वेळी ताप. या झटापटीत घोडा झिजतो, जंतू झिजत नाही. म्हणूनच सर्ऱ्यावर आजवर लस निघालेली नाही.

रोग पसरतो कसा, याबद्दल लिंगार्ड यांचा संशय साचलेले पाणी, पुराच्या जमिनीवरचे गवत, उंदरांनी बाटवलेले धान्य यांच्याकडे वळला होता. माशीची बाजू १९०१ मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी मुक्तेश्वरच्या प्रयोगांतून पक्की केली. आजारी जनावराला चावून रक्त पीत असलेली गोमाशी मध्येच उडवली गेली, तर अर्धवट राहिलेले जेवण ती लगेच शेजारच्या जनावरावर पुरे करते, आणि तोंडाला लागलेले रक्त त्याच्या अंगात जाते. बस, इतकेच. मलेरियाच्या डासासारखे माशीच्या पोटात काही शिजावे लागत नाही.

आणि इथेच गुरांचा प्रश्न येतो. गाईबैलांना, म्हशींना हा जंतू होतो, पण बऱ्याचदा ती आजारी दिसत नाहीत. दूध थोडे कमी होते, अंग उतरते, मालकाला चाऱ्याचा दोष वाटतो. जंतू मात्र महिनोन्‌महिने रक्तात राहतो. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या एका पशुपालकाने हिंदुस्थानातून एक्कावन्न वशिंडाची गुरे विकत नेली. न्यूयॉर्कजवळच्या बेटावर त्यांना अडवून रक्त तपासले, तर दिसायला ठणठणीत असलेल्या काही जनावरांत सर्रा निघाला. ती ठार केली, बाकीची सोडली. त्या सोडलेल्या गुरांचा वंश टेक्सासात वाढला, आणि सर्रा अमेरिकेत शिरला नाही. मॉरिशसचे नशीब एवढे चांगले नव्हते. हिंदुस्थानातून गेलेल्या गुरांबरोबर तिथे १९०१ च्या सुमारास रोग उतरला आणि उसाच्या मळ्यांत गाड्या ओढणारी घोडी-खेचरे पटापट मेली.

बरे, इतके धोक्याचे जंतू भरवस्तीत ठेवणे सरकारलाही रुचेना. १८९३ मध्ये प्रयोगशाळा पुण्याहून हलवून साडेसात हजार फुटांवर, मुक्तेश्वरच्या जंगलात नेली. पुण्याचा संबंध तिथे संपला.

औषधाची गोष्ट मात्र तिथे संपत नाही, उलट रंगत जाते. लिंगार्ड यांनी घोड्यांना सोमल देऊन पाहिला. ही कल्पना अगदी नवी नव्हती. आफ्रिकेत लिव्हिंगस्टन यांनी त्सेत्से माशी चावलेल्या एका घोडीला सोमल दिला होता. ती काही काळ सुधारली आणि पुढे मेली. युरोपातले घोडेविकेही घोड्याच्या अंगावर तकाकी यावी म्हणून चिमूटभर सोमल चारत. सर्ऱ्यात सोमल दिला की ताप उतरे, रक्त स्वच्छ होई, घोडा चंदीवर तुटून पडे. मग डोस वाढवावा तर विषबाधा, कमी करावा तर रोग परत. मुक्तेश्वरला लिंगार्ड यांच्यानंतर आलेल्या होम्स यांनी सोमलाची वेगवेगळी संयुगे आलटून पालटून देण्याचे प्रयोग केले. काही घोडी बरी झाली. पण कोणते घोडे बरे होईल आणि कोणते उलटेल, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हते.

याच सुमाराला जर्मनीत पॉल एर्लिख हे शास्त्रज्ञ अशाच जंतूंवर रंग आणि सोमलाची संयुगे करून पाहत होते. दक्षिण अमेरिकेत घोड्यांना सर्ऱ्याच्या अगदी जवळचा रोग होतो. त्याचे तिथले नाव मल दे कादेरास, म्हणजे कंबरेचे दुखणे! नावातच मागचे पाय जाण्याची गोष्ट आली. या रोगाचे जंतू उंदरांना टोचून एर्लिख आणि त्यांचे जपानी सहकारी शिगा यांनी १९०४ मध्ये एका तांबड्या रंगाने ते उंदीर बरे करून दाखवले. त्याच वाटेने पुढे जात १९१० मध्ये गरमीवरचे ६०६ नंबरचे प्रसिद्ध औषध बाजारात आले. म्हणजे माणसाच्या त्या लाजिरवाण्या रोगावरच्या औषधाची मुळे घोड्याच्या रोगापर्यंत जातात. १९१६ मध्ये जर्मनांनीच आणखी एक औषध बनवले, बायर २०५. जनावरांसाठी त्याला नागानोल म्हणत, शास्त्रीय नाव सुरामिन. त्याची रचना त्यांनी गुप्त ठेवली होती. फ्रान्सच्या फूर्नो यांनी १९२४ मध्ये ती ओळखून जगजाहीर केली.

सुरामिनने सर्ऱ्याची बाजू पहिल्यांदाच फिरली. शिरेत दिले की घोड्याचे रक्त काही तासांत निर्मळ. पण काही घोडी महिन्या-दोन महिन्यांनी परत आजारी पडत, आणि या खेपेला ताप कमी, लुळेपणा जास्त. असे का? कारण मेंदू आणि पाठीचा कणा यांच्याभोवती निसर्गाने एक गाळणी बसवली आहे. रक्तातली वाटेल ती वस्तू तिथून आत जाऊ शकत नाही. जंतू मात्र सावकाश आत शिरतो, मेंदूभोवतीच्या पाण्यात घर करतो, आणि औषध बाहेरच्या बाहेर अडते. घर झाडून घ्यावे आणि कोठीच्या खोलीला कुलूप असावे, तसे. १९२० च्या दशकात मुक्तेश्वरच्या एडवर्ड्स यांनी यावर धाडसी उपाय काढला. शिरेतून औषध द्यायचेच, शिवाय घोड्याला आडवे पाडून, डोके आणि मानेचा पहिला मणका यांच्या सांध्यात सुई घालून औषध थेट त्या पाण्यात सोडायचे. वाचतानाही अंगावर काटा येतो. घोड्याने मान हिसकली तर खेळ खलास. तरीही लष्करी तबेल्यांत हे करणारे हात होते.

त्यानंतरची औषधे देण्याला सोपी झाली. १९४९ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये क्विनापायरामिन निघाले, ते कातडीखाली टोचता येते. आपल्याकडे सर्ऱ्यावर मुख्यतः तेच वापरतात. १९५० च्या दशकात डायमिनाझीन आले, पण घोड्याला ते जपून द्यावे लागते. पुढे उंटांसाठी म्हणून निघालेले एक औषध तर पुन्हा सोमलाच्याच कुळातले आहे. पण मेंदूभोवतीची ती गाळणी यांतल्या बहुतेकांना आजही नीट ओलांडता येत नाही. म्हणून सर्ऱ्यात औषध कोणते याच्याइतकेच ते किती लवकर, याला मोल आहे. हे पुस्तकात एका ओळीत येते. गोठ्यात उभे राहिले की त्या ओळीचे वजन कळते.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात, त्यांतले काही कात्रजच्या बाजूने जात. पुढे मेंढ्यांची खांडे, मागे घोडी. घोड्यांवर भांडीकुंडी, कांबळी, पोरे, कोंबड्या आणि वाटेत जन्मलेली कोकरे, म्हणजे सगळा संसार. अशाच एका वाड्यातल्या म्हाताऱ्याने मला रस्त्याकडेला थांबवून एक घोडी दाखवली. "डाक्टर, वारं गेलंय का हिच्यावरनं? मागनं ढिली पडलीया." घोडी हाडाडली होती. मागच्या खुरांचे टोक घासून सपाट झाले होते. ताप होता. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतला, दवाखान्यात जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि लिंगार्डना दिसला तोच जीव दिसला.

मी म्हणालो, "बाबा, सुई टोचतो, पण हिला पंधरा दिवस ओझे नको आणि चाल नको." म्हातारा हसला. वाडा थांबत नसतो. मेंढ्या एका रानात दोन-तीन रात्री बसवायच्या, शेतकऱ्याकडून दाणे घ्यायचे, पुढच्या रानात जायचे. एका घोडीसाठी सगळे खांड पंधरा दिवस थांबवले तर मेंढ्यांनी काय खायचे? आणि घोडी सोडावी तर तिच्या पाठीवरचे बिऱ्हाड कोणी उचलायचे? औषधाची किंमत, घोडीची किंमत आणि वाटचालीची किंमत, असा तिहेरी हिशेब होता. शेवटी खेड शिवापूरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे घोडी ठेवायचे ठरले. ओझे बाकीच्या घोड्यांवर वाटले गेले, आणि दोन बाया वाटेने चालत निघाल्या, ज्या आधी कधीमधी घोडीवर बसत. मी वजनाचा अंदाज घेऊन क्विनापायरामिन टोचले. टोचल्या जागी मुठीएवढी गाठ आली, घोडीला घाम फुटला, लाळ गळली. या औषधाने असे होते. तासाभराने ती शांत झाली.

मागच्या पायांची ढिलाई निव्वळ अशक्तपणाची, की जंतू मज्जारज्जूपर्यंत पोचल्याची, हे बाहेरून बघून सांगता येत नाही. औषधानंतरच ते उलगडते. ही घोडी सावरली. जेठात वाडा परतला तेव्हा ती अंगाने भरलेली होती, पण उतारावर पुठ्ठा अजून किंचित झोलत असे. पाठीवर हलके ओझे घालून नेली. ज्या शिरा एकदा गेल्या त्या गेल्या.

इथे एक खुलासा केला पाहिजे. मागचे पाय गेले की सर्राच असतो असे नाही. याच लक्षणाचा आणखी एक रोग आपल्या देशात जुना आहे, कुमरी. शब्द कमरेवरूनच आला आहे. गुरांच्या पोटात सुतासारखा एक पांढरा जंत राहतो, त्यांना त्याचा फारसा त्रास नसतो. त्याची सूक्ष्म पिल्ले रक्तात फिरतात, डास ती उचलतो आणि घोड्याच्या अंगात सोडतो. घोडा हे त्या पिल्लाचे घर नव्हे, म्हणून ते वाट चुकते आणि भटकत मज्जारज्जूत शिरते. जाईल तिथे नांगरल्यासारखी रेघ. हे कोडे १९५० च्या सुरुवातीला इन्स आणि शोहो या संशोधकांनी उलगडले. जपानात शेळ्यामेंढ्यांना होणाऱ्या त्याच रोगाचे नावही कंबरेच्या लुळेपणावरूनच पडले आहे. सर्ऱ्याचा घोडा तापाने झिजलेला असतो. कुमरीचा घोडा काल रात्री व्यवस्थित चंदी खाऊन आज सकाळी कंबरेत मोडतो, ताप नाही, काही नाही. यावर हत्तीरोगाचे डायइथिलकार्बामाझिन देतात, ज्याच्या शोधात आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा हात होता. त्याने जंत मरतो, पण त्याने ओढलेली रेघ पुसली जात नाही. म्हणजे इथेही घाई तीच. आणि इथेही रोगाचा साठा शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या गुरात.

पुण्यातली प्रयोगशाळा निघाली तेव्हा घोडा सरकारचा होता, म्हणून त्याच्या रोगाला पैसा होता. २०१२ च्या पशुगणनेत देशात सहा लाखांवर घोडी-तट्टे होती, २०१९ मध्ये ती साडेतीन लाखांच्या आत आली. शर्यतीची घोडी आणि लष्कराची घोडी सोडली, तर उरतो तो धनगराचा, वीटभट्टीचा, टांग्याचा आणि वरातीचा घोडा. भीमथडी तट्टाची स्वतंत्र जात म्हणून अलीकडे राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली, ती मुख्यतः या धनगरांनीच जपलेली. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र सर्ऱ्याच्या निदानावर आणि औषधावर काम करते. पण कोकणाच्या वाटेवरच्या वाड्यापर्यंत काचपट्टी आणि सुई वेळेत कोण पोचवणार, हा प्रश्न हिसारमध्ये सुटणारा नाही.

सर्रा फक्त घोड्यापुरता राहत नाही, हेही सांगायला हवे. २००० च्या जुलैच्या सुमाराला भुवनेश्वरच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात थोड्याच दिवसांत डझनभर वाघ मेले, ते याच जंतूने. तेव्हा पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला येऊन वर्षच झाले होते. बातमी वाचली आणि तलाव, भोवतालची गुरे आणि पिंजरे असा नकाशा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

माणसाला मात्र हा रोग होत नाही, असे आम्ही शिकलो होतो. माणसाच्या रक्तात एक प्रथिन असते, ते या जंतूला विरघळवून टाकते. २००४ च्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात एक शेतकरी तापाने आजारी पडला. ताप येई, जाई, पुन्हा येई. रक्त तपासणाऱ्याला मलेरियाऐवजी काचपट्टीवर सर्ऱ्याचा जंतू दिसला. माणसाला सर्रा झाल्याची जगातली ही पहिली खात्रीशीर नोंद. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने त्याच्यावर उपचार केले. आधी पाठीतले पाणी काढून पाहिले, त्यात जंतू पोचलेला नव्हता, म्हणून सुरामिन पुरेसे होते. तेच ते १९१६ चे बायर २०५. शेतकरी बरा झाला. ते संरक्षक प्रथिन त्याच्या शरीरात जन्मतःच नव्हते, हे संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. गावातल्या आणि भोवतालच्या १८०६ लोकांचे रक्त तपासले गेले. काहींच्या रक्तात जंतूशी संबंध आल्याच्या खुणा होत्या, कारण गुरांच्या सहवासात राहणाऱ्यांना त्या असायच्याच. जिवंत जंतू मात्र एकाच्याही रक्तात सापडला नाही.